ज्या शाळेच्या नावानं खेळला, त्याच शाळेनं हात वर केले : जिम थॉर्पची गोष्ट

ऑलिम्पिकमध्ये दोन गोल्ड मेडल जिंकायची. तीही अशा दोन स्पर्धांत, जिथं एकाच माणसाला धावायचं, उड्या मारायच्या आणि फेकायचंही असतं. गावी परत आल्यावर मिरवणूक निघणार, पेपरात पहिल्या पानावर फोटो छापून येणार. आणि सहा महिन्यांत कुणीतरी येऊन सांगणार, मेडल परत दे, तू फसवलंस.

फसवणूक काय? तर उन्हाळ्याच्या सुट्टीत चार पैसे घेऊन बेसबॉल खेळला.

ही गोष्ट आहे जिम थॉर्पची. विसाव्या शतकातला सगळ्यात भारी ॲथलीट कोण, याची यादी अमेरिकेत निघते तेव्हा त्याचं नाव पहिल्या काही जणांत असतंच. पण ही गोष्ट फक्त मेडलची नाही. ही गोष्ट डोंगरांच्या मधल्या एका बोर्डिंग शाळेची आहे, आणि तिथं आलेल्या सोळा वर्षांच्या एका खेडवळ पोराची आहे.

जुळा भाऊ गेला आणि शाळा नकोशी झाली

जिमचा जन्म १८८७ चा. जागा म्हणजे आजचं ओक्लाहोमा राज्य. तेव्हा तिथं राज्य नव्हतं. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनींवरून हाकलून या भागात आणून बसवलेलं, म्हणून त्याला इंडियन टेरिटरी म्हणायचे. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत ज्यांना रेड इंडियन लिहिलं जायचं, तेच हे लोक. आज त्यांना नेटिव्ह अमेरिकन म्हणतात.

जिमचे वडील हायरम हे सॅक अँड फॉक्स जमातीचे, त्यांच्यात आयरिश रक्तही होतं. आई शार्लट ही पोटावाटोमी जमातीची, तिच्याकडं फ्रेंच रक्त. घरची शेती, घोडे, शिकार, नदीत पोहणं, असं सगळं बालपण रानात गेलं. जमातीतलं त्याचं नाव वा-थो-हक, म्हणजे उजळलेली वाट.

जिमला चार्ली नावाचा जुळा भाऊ होता. दोघं एकत्रच शाळेत गेले. ती शाळाही जमातीच्या मुलांसाठी सरकारनं काढलेली बोर्डिंगच. तिथंच साथीच्या आजारात चार्ली गेला. वय होतं जेमतेम नऊ वर्षं.

त्यानंतर जिमचं शाळेत मन लागेना. तो पळून घरी यायचा, वडील परत नेऊन सोडायचे, तो पुन्हा पळायचा. शेवटी वडिलांनी ठरवलं की या पोराला इतकं लांब टाकायचं, की परतीची वाटच सापडणार नाही. म्हणून त्याला कॅन्सस राज्यातल्या हॅस्केल नावाच्या शाळेत पाठवलं.

पोरगं तिथूनही आलं. शिकारीत वडिलांना गोळी लागल्याचं कळलं आणि तो निघाला. शेकडो किलोमीटरचं अंतर, त्यातला बराचसा रस्ता पायी तुडवत तो घरी पोहोचला. त्यानंतर थोड्याच काळात बाळंतपणात आई गेली.

आता पुढं काय? १९०४ मध्ये सोळा वर्षांचा जिम रेल्वेत बसला आणि जवळपास दोन हजार किलोमीटर लांब पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावी उतरला.

शाळा होती, पण बांधलेली सैन्यासाठी

कार्लाइल हे ॲपलेशियन पर्वतरांगांतलं गाव. उत्तरेला ब्लू माउंटन, दक्षिणेला साउथ माउंटन, आणि मधल्या खोऱ्यात गाव वसलेलं. ओक्लाहोमाच्या मोकळ्या माळावर वाढलेल्या पोराला इथं दोन्ही बाजूंनी डोंगर दिसत होते.

शाळेचं नाव कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल. सैन्याच्या जुन्या बराकींत ती १८७९ मध्ये सुरू झाली. काढणारा माणूसही सैन्यातलाच, कॅप्टन रिचर्ड हेन्री प्रॅट. त्यानं आधी फ्लोरिडातल्या किल्ल्यात कैद केलेल्या नेटिव्ह लढवय्यांवर प्रयोग केला होता. त्यांचे केस कापले, गणवेश घातला, इंग्रजी शिकवलं. कैद्यांवर जमलं तर लहान मुलांवर अजून सोपं जाईल, असा त्याचा हिशेब होता.

त्याचं म्हणणं असं की, या मुलांमधली जमात पुसून टाका, माणूस आपोआप सुधारेल. आणि गंमत म्हणजे त्या काळात अशा माणसाला उदारमतवादी समजलं जायचं. कारण दुसऱ्या बाजूला असेही लोक होते ज्यांना ही माणसं मुळात जिवंतच नको होती.

मग शाळेत काय व्हायचं?

मूल आलं की पहिल्यांदा त्याचे लांब केस कापायचे. अनेक जमातींत केस कापणं म्हणजे घरात कुणीतरी गेल्याची खूण. त्यामुळं लहान पोरं हंबरडा फोडायची. अंगावरचे कपडे काढून लष्करी गणवेश यायचा. नाव बदलायचं. आपली भाषा बोललं की शिक्षा. सकाळी कवायत, घंटेवर जेवण, घंटेवर झोप. अर्धा दिवस अभ्यास आणि अर्धा दिवस काम, म्हणजे मुलांना सुतारकी, लोहारकी, शिवणकाम आणि मुलींना धुणं, शिलाई, स्वयंपाक.

शाळा मुलांचे फोटोही काढायची. एक आल्याआल्या, दुसरा काही महिन्यांनी. पहिल्या फोटोत जमातीचा पोशाख, दुसऱ्यात कोट आणि बारीक केस. हे जोडफोटो देणगीदारांना आणि नेत्यांना दाखवले जायचे. आजच्या भाषेत सांगायचं तर बिफोर-आफ्टर.

फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे शाळेचं स्मशान. क्षयरोग आणि इतर साथींत मुलं जायची आणि तिथंच पुरली जायची. १८० हून जास्त थडगी तिथं होती. ज्या मुलांचा हा मुक्काम कायमचा ठरला, त्यांच्यातल्या काहींचे अवशेष अमेरिकन सैन्यानं २०१७ पासून त्यांच्या घरच्यांकडं परत द्यायला सुरुवात केली.

शिंप्याचं काम आणि दुसऱ्याच्या शेतातली मजुरी

जिम शाळेत आला त्याच वर्षी प्रॅटला पदावरून काढलं गेलं, पण शाळेची पद्धत तीच राहिली. जिमला शिवणकामाच्या विभागात टाकलं. रानात घोडे धरणारा पोरगा सुई-दोरा घेऊन बसला.

आल्यावर काही महिन्यांतच ओक्लाहोमाहून बातमी आली, वडील गेले. सोळा-सतरा वर्षांचा जिम आता पोरका होता. पूर्वी शाळेतून पळालं तर जायला घर तरी होतं. आता पळून जाणार कुठं?

शाळेत एक योजना होती, तिला आउटिंग म्हणायचे. नाव ऐकून सहल वाटेल, पण तसं नव्हतं. मुलांना आसपासच्या गोऱ्या कुटुंबांकडं राहायला आणि कामाला पाठवायचं. कुटुंबाला स्वस्तात गडी मिळायचा आणि मुलं गोऱ्यांसारखं जगायला शिकतील अशी शाळेला आशा. मिळालेल्या मजुरीवरही शाळेचं नियंत्रण असायचं. जिमनं अशी घरकामाची आणि शेतकामाची मजुरी दोन-तीन वर्षं केली आणि १९०७ मध्ये तो पुन्हा शाळेत आला.

कामाच्या कपड्यांत मारलेली उडी

१९०७ चा वसंत. जिम काम करून मैदानाजवळून चालला होता. तिथं उंच उडीचा सराव चालू होता. काठी ५ फूट ९ इंचांवर लावलेली आणि शाळेची चांगली चांगली पोरं ती पाडत होती.

जिमनं विचारलं, मी करू का? पोरं हसली. अंगावर कामाचे ढगळे कपडे, पायात साधे बूट. त्यानं धाव घेतली, काठी ओलांडली आणि आपल्या वाटेनं निघून गेला. हा किस्सा अमेरिकेत इतक्यांदा सांगितला गेलाय की त्यात थोडं मीठमसाला असेलही. पण त्यानंतर त्याला कोचनं बोलावून घेतलं आणि तो टीममध्ये आला, हे पक्कं.

कोचचं नाव ग्लेन वॉर्नर, सगळे त्याला पॉप म्हणायचे. अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासातलं हे मोठं नाव. इथं एक लक्षात घ्या, हा आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल बॉल हातात घेऊन समोरच्यांना चुकवत, धडका देत पळायचं, असा हा खेळ.

वॉर्नरला जिम फुटबॉलमध्ये नको होता. आपला सगळ्यात चांगला धावपटू पाय मोडून बसेल अशी त्याला भीती. जिम मागंच लागला. शेवटी वॉर्नरनं सांगितलं, बरं, बॉल घे आणि या पोरांमधून पळून दाखव, म्हणजे त्यांना टॅकल करायचा सराव होईल. जिम सगळ्यांना चुकवत पार गेला. पुन्हा एकदा कर म्हटलं, तर पुन्हा गेला. विषय संपला.

खेळ म्हणजे शाळेची कमाई

आता प्रश्न पडेल की मुलांची जमात पुसायला काढलेल्या शाळेत खेळाचं इतकं कौतुक कशाला?

एक कारण नाव आणि दुसरं कारण पैसा. कार्लाइलची पोरं हार्वर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठांशी खेळायची. नेटिव्ह पोरं गोऱ्या साहेबांच्या पोरांशी कशी भिडतात, हे बघायला हजारोंची गर्दी व्हायची. तिकिटांचे पैसे यायचे, आणि त्यातला वाटा शाळेच्या खेळ विभागाकडं. हा पैसा प्रामुख्यानं वॉर्नरच्या हातात असायचा.

पोरांसाठी मात्र मैदानाचा अर्थ वेगळा होता. वर्गात, कवायतीत, जेवणाच्या हॉलमध्ये त्यांना सतत सांगितलं जायचं की तुम्ही कमी आहात. मैदानावर मात्र गोरी पोरं त्यांच्या मागं पळायची.

याच शाळेत लुई तेवानिमा नावाचा धावपटू होता. तो होपी जमातीचा. मुलांना सरकारी शाळेत पाठवायला विरोध करणाऱ्या होपी लोकांना सरकारनं पकडलं, त्यात तोही होता आणि त्याला जवळपास कैदी म्हणूनच १९०७ मध्ये कार्लाइलला आणलं गेलं. पाच वर्षांनी त्यानं अमेरिकेसाठी ऑलिम्पिकमध्ये १० हजार मीटरमध्ये सिल्व्हर मेडल आणलं.

ती उन्हाळी सुट्टी

१९०९ च्या उन्हाळ्यात जिम शाळेतल्याच दोन मुलांसोबत नॉर्थ कॅरोलायनाला गेला. तिथं रॉकी माउंट गावाच्या टीमकडून तो बेसबॉल खेळला. छोटी लीग, पैसेही फुटकळ. मॅचला दोन डॉलर ते फार तर आठवड्याला ३५ डॉलर, असे आकडे सांगितले जातात. १९१० मध्येही तो तिथंच खेळला.

त्या काळात कॉलेजची कितीतरी पोरं सुट्टीत असं खेळायची. फरक इतकाच की ती खोटं नाव लावायची. कारण ऑलिम्पिक आणि कॉलेजच्या खेळांत फक्त हौशी खेळाडू चालायचे. खेळासाठी एक पैसा जरी घेतला, तरी तुम्ही व्यावसायिक ठरायचा.

हा हौशीपणाचा नियम ऐकायला फार पवित्र वाटतो. पण बापाच्या पैशावर कॉलेज करणाऱ्याला तो परवडायचा. ज्याला आई-बाप नाहीत आणि सुट्टीत एकतर कुणाच्या शेतात राबायचं किंवा बेसबॉल खेळायचं एवढेच पर्याय आहेत, त्यानं काय करायचं? जिमनं बेसबॉल निवडला आणि तोही स्वतःच्या खऱ्या नावानं. तिथल्या पेपरांत त्याचं नाव छापून यायचं. लपवायचं काही आहे, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं.

१९११ मध्ये वॉर्नरनं त्याला परत बोलावलं. पुढच्या वर्षी ऑलिम्पिक होतं. जिम आला, आणि नोव्हेंबरमध्ये कार्लाइलनं हार्वर्डला १८-१५ असं हरवलं. पाय दुखावलेला असताना जिमनं त्या मॅचमध्ये चार फील्ड गोल मारले. डोंगरातली बोर्डिंग शाळा देशभर गाजली.

स्टॉकहोम, १९१२

स्वीडनच्या ऑलिम्पिकमध्ये जिम पेंटॅथलॉन आणि डिकॅथलॉनमध्ये उतरला. पेंटॅथलॉनमध्ये पाच खेळ, त्यातल्या चारांत तो पहिला. डिकॅथलॉनमध्ये दहा खेळ, तिथं त्याला ८४१२ गुण मिळाले आणि दुसऱ्या नंबरच्या खेळाडूपेक्षा तो जवळपास ७०० गुणांनी पुढं होता.

तेव्हाचा त्याचा एक फोटो आहे, ज्यात दोन्ही पायांत वेगवेगळे बूट दिसतात. बूट ऐन वेळी गायब झाले आणि मिळेल ते घालून तो उतरला, असं सांगतात.

स्वीडनचे राजे पाचवे गुस्ताव यांनी स्वतः त्याला गौरवलं. न्यूयॉर्कमध्ये मिरवणूक निघाली. आणि यातली सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे, ज्या देशासाठी त्यानं हे मेडल आणलं, त्या देशात सगळ्या नेटिव्ह लोकांना नागरिक मानणारा कायदा यायला अजून १२ वर्षं होती. तो आला १९२४ मध्ये.

आणि शाळेनं हात वर केले

जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका पेपरनं बातमी छापली की थॉर्प पैसे घेऊन बेसबॉल खेळलाय.

आता सगळ्यांचीच पळापळ झाली. कोच वॉर्नर म्हणाला, मला माहीत नव्हतं. शाळेचा प्रमुख मोझेस फ्रीडमन म्हणाला, मलाही माहीत नव्हतं. आपला सगळ्यात मोठा खेळाडू दोन वर्षं कुठं होता आणि काय करत होता, हे कोचला माहीत नसणं कितपत पटतं, ते तुम्हीच ठरवा.

जिमच्या नावानं अमेरिकन खेळ संघटनेला एक पत्र गेलं. मी साधा इंडियन शाळकरी मुलगा, मला नियम कळत नव्हते, इतर पोरं करतात तेच मी केलं, फक्त नाव लपवलं नाही, असा त्याचा सूर. हे पत्र जिमनं एकट्यानं लिहिलेलं नाही, त्यामागं वॉर्नरचा हात होता, असं अनेक अभ्यासक मानतात. सगळा दोष पोरानं स्वतःवर घेतला आणि कोच आणि शाळा दोघंही नामानिराळे राहिले.

नियमाप्रमाणं आक्षेप स्पर्धेनंतर ३० दिवसांत यायला हवा होता. इथं सहा महिने उलटले होते. जिमच्या बाजूनं हा मुद्दा कुणीच मांडला नाही. मेडल परत गेली, रेकॉर्डमधून नाव पुसलं गेलं. नाव पुसणं ही त्या शाळेची सवयच होती, या वेळी फक्त ते जगासमोर झालं.

पण त्याच्या टीममधली पोरं गप्प बसली नाहीत. जिमचा सहकारी गस वेल्च यानं पुढाकार घेतला, विद्यार्थ्यांनी सह्या करून तक्रार केली आणि १९१४ मध्ये थेट अमेरिकन संसदेची समिती चौकशीला शाळेत आली. मारहाण, वाईट जेवण, खेळातल्या पैशाचा हिशेब, वॉर्नरची वागणूक, सगळं बाहेर आलं. फ्रीडमनचं पद गेलं, वॉर्नरही दुसरीकडं गेला. १९१८ मध्ये शाळाच बंद झाली.

पुढं जिमचं काय झालं?

खेळणं त्यानं सोडलं नाही. तो न्यूयॉर्क जायंट्सकडून मोठ्या लीगमध्ये बेसबॉल खेळला. कँटन बुलडॉग्जकडून फुटबॉल खेळला. आज जगातली सगळ्यात श्रीमंत लीग समजली जाणारी एनएफएल १९२० मध्ये वेगळ्या नावानं सुरू झाली, तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष जिम थॉर्प होता.

पण शरीर थकलं तसा पैसा आटला. मंदीच्या काळात त्यानं खड्डे खणायची मजुरी केली, हॉलिवूडमध्ये बारीकसारीक भूमिका केल्या. दारूचं व्यसन लागलं, संसार मोडले. १९३२ मध्ये ऑलिम्पिक लॉस एंजेलिसला झालं, त्याच्या राहत्या शहरात, आणि त्याच्याकडं तिकिटाला पैसे नव्हते. ही गोष्ट बाहेर आल्यावर अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स कर्टिस यांनी त्याला आपल्याजवळ बसायला बोलावलं. कर्टिस हे स्वतः कॉ या नेटिव्ह जमातीशी नातं सांगणारे.

१९५० मध्ये असोसिएटेड प्रेसनं पत्रकारांचा कौल घेतला, त्यात शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागातला सर्वश्रेष्ठ ॲथलीट म्हणून त्याची निवड झाली. पुढच्या वर्षी त्याच्यावर सिनेमा आला. पण मेडल काही मिळाली नाहीत. त्यात ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षपदी १९५२ ते १९७२ अशी २० वर्षं एव्हरी ब्रंडेज बसलेला. हा तोच माणूस, जो १९१२ मध्ये जिमविरुद्ध दोन्ही स्पर्धांत उतरून हरला होता आणि हौशीपणाच्या नियमाचा कट्टर पुरस्कर्ता होता.

२८ मार्च १९५३ ला कॅलिफोर्नियात एका ट्रेलरच्या घरात जिमला हार्ट अटॅक आला आणि तो गेला.

मेल्यावरही पेनसिल्व्हेनिया सुटलं नाही

ओक्लाहोमात जमातीच्या पद्धतीनं अंत्यविधी सुरू झाले होते. मध्येच त्याची तिसरी बायको मृतदेह घेऊन गेली. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात मॉक चंक नावाची दोन शेजारी गावं होती, कोळशाचा धंदा बसल्यानं डबघाईला आलेली. करार असा झाला की दोन्ही गावं एक होतील, गावाला जिम थॉर्पचं नाव देतील आणि तिथं त्याचं स्मारक उभं राहील. पर्यटक येतील, गाव तरेल, हा हिशेब. जिमचा त्या गावाशी काडीचा संबंध नव्हता.

वडिलांना ओक्लाहोमाला घरी न्यायचं म्हणून मुलांनी २०१० मध्ये कोर्टात केस टाकली. एका कोर्टात ते जिंकले, वरच्या कोर्टात हरले आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रकरण ऐकायला नकार दिला. त्यामुळं शाळेतून पुन्हा पुन्हा घरी पळून जाणारा हा पोरगा आजही पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातच आहे.

मेडलची लढाई मात्र संपली. १९८२ मध्ये ऑलिम्पिक समितीनं निर्णय बदलला आणि पुढच्या वर्षी त्याच्या मुलांच्या हातात मेडलच्या प्रतिकृती दिल्या. पण तेव्हाही त्याला संयुक्त विजेताच ठरवलं होतं. एकट्याचा विजय कागदावर यायला जुलै २०२२ उजाडलं, म्हणजे तब्बल ११० वर्षं. २०२४ मध्ये त्याला अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मरणोत्तर मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी या बोर्डिंग शाळांबद्दल जाहीर माफी मागितली आणि कार्लाइलच्या जागेला राष्ट्रीय स्मारक घोषित केलं.

जिमला न्याय मिळाला कारण तो जिम थॉर्प होता. त्याच्या नावावर पुस्तकं होती, सिनेमा होता, ८४१२ गुण होते. पण त्याच बराकींत अशी हजारो मुलं राहून गेली, ज्यांनी कुठलीच काठी ओलांडली नाही, कुठलाच गोल मारला नाही. १४० हून जास्त जमातींतली ही मुलं इंग्रजी नावं घेऊन परतली, तर घरी आजीशी बोलायला त्यांच्याकडं भाषा उरली नव्हती. आणि काही तर परतलीच नाहीत.

म्हणून कार्लाइलच्या स्मारकावर जिमचं नाव सगळ्यात आधी वाचलं जाणार, हे खरं. पण ते स्मारक मुळात त्या बाकीच्या मुलांचं आहे.